'रजिस्टरं बंद करा' म्हणे!

नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'दवाखान्यात सगळं ऑनलाइन झालं, तरी सिस्टर रजिस्टरंच भरत बसतात. कागद बंद करा. माहिती कुठेही एका क्लिकवर मिळेल, चुका थांबतील, वेळ वाचेल.'

आधी 'एका क्लिकवर'चं बघू. मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, गडचिरोली, चंद्रपूर, पार छिंदवाड्याहून पेशंट येतात. 14 आकडी आभा नंबर, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, काढलेला असला, तरी नंबर म्हणजे फाइल नव्हे. आधीच्या दवाखान्याने नोंद त्याला जोडली असेल आणि पेशंटने संमती दिली, तरच ती इथे दिसणार. सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, पोरगा रात्री कळा सोसत कॅज्युअल्टीत आला, की आईच्या हातातली केसपेपरांची पिशवीच आधी उघडावी लागते.

चुका थांबतील? काही थांबतात, मान्य. डॉक्टरांचं अक्षर असं, की औषधाचं नाव सुवाच्य लिहा हे 2016 मध्ये मेडिकल कौन्सिलला नियमात घालावं लागलं! पण नव्या चुकाही येतात. 2005 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात संगणकावर औषधं लिहिण्याच्या पद्धतीतून चुकांना वाव मिळण्याचे 22 प्रकार सापडले होते. कालची नोंद आज तशीच चिकटवली, की परवा काढलेली लघवीची नळी स्क्रीनवर लावलेलीच राहते.

रजिस्टर कशाला, हे ड्युटी बदलताना कळतं. सिस्टर ओव्हर देत, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सोपवत असतात: "सात नंबरवाले आजोबा. डावा हात सुजला म्हणून सलाईन उजव्याला लावली. दुपारचं अँटिबायोटिक राहिलंय, अजून आलं नाही. लघवी कमी वाटते, सहाला मोजा." घेणारी लगेच विचारते, "पाणी बंद केलंय का त्यांचं?" स्क्रीनवर लघवीचा आकडा येईल, 'कमी वाटते' हे कुठल्या रकान्यात भरणार? ते रजिस्टरात लाल पेनाने लिहिलेलं असतं आणि तोंडीही सांगितलं जातं.

शिवाय सर्व्हर बसला तर? नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा ओपीडी, भरती, तपासण्या कित्येक दिवस कागदावरच चालल्या.

राहिला वेळ. जिथे तेच दोन्हीकडे लिहायला लावतात, तिथे तो दुप्पट जातो. ही तक्रार रास्त आहे. फक्त ती सिस्टरला न ऐकवता, एकच आकडा दोनदा मागणाऱ्या साहेबांकडे न्यावी.