डोळ्याचे काम आणि संगणकाचे काम : काटोलच्या वाचकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

पिकांच्या जनुकीय माहितीचे संगणकीय विश्लेषण या विषयावरील माझ्या मागील लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. ती दोन ओळींत मिटवणे योग्य वाटले नाही, म्हणून हे स्वतंत्र उत्तर. ज्यांनी प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय असा : वाण शेतकऱ्याच्या नजरेतून निघतो, शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी धान काढले तेव्हा त्यांच्याकडे संगणक नव्हता, जीनोम (सजीवाची डीएनएच्या अक्षरांत लिहिलेली संपूर्ण जनुकीय माहिती) वाचल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात, पण त्यातून एकही बियाणे आलेले नाही, आणि बीटी कापसाचे काय झाले ते विदर्भाने पाहिले, शिवाय आमच्या वाणांची माहिती शेवटी कंपन्यांच्या घशात जाते. अखेरीस आपण स्वतःच्या संत्रा बागेतल्या एका झाडाविषयी विचारले आहे. डिंक्या रोगाने आजूबाजूची झाडे गेली, ते एक मात्र उभे आहे, त्याबद्दल तुमचा संगणक काय सांगतो, असा तो प्रश्न. त्याचे उत्तर शेवटी देतो, कारण त्याला आधीच्या काही गोष्टींचा आधार लागेल.

प्रथम माझी चूक. मागील लेखात ‘या तंत्राने नवा वाण दोन-तीन हंगामांत तयार होईल’ असे एक वाक्य होते. ते उत्साहाच्या भरात लिहिले गेले आणि ते बरोबर नाही. संगणक निवडीचा काळ कमी करतो. पण वेगवेगळ्या ठिकाणच्या समन्वित चाचण्यांनाच सहसा तीन वर्षे लागतात, त्यांना पर्याय नाही. ते वाक्य मी मूळ लेखातून काढले आहे.

आता दादाजींविषयी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी, पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही ओंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या, आणि अशा कित्येक हंगामांनंतर जे धान हाती आले त्याला त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव मिळाले. ही गोष्ट आपण माझ्याविरुद्ध मांडली आहे, मला मात्र ती माझ्या म्हणण्याला पूरक वाटते. वेगळी ओंबी ओळखण्याचे काम कोणताही संगणक करीत नाही, आणि जो गुण डोळ्याला दिसतो त्याच्यासाठी जनुकीय तपासणीवर पैसा घालवणे मूर्खपणाचे आहे. प्रश्न आहे तो डोळ्याला न दिसणाऱ्या गुणांचा.

हरभऱ्याचेच पाहा. आपल्याकडे सोयाबीन निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कितीतरी हरभरा वाढतो, त्यामुळे कोणत्या झाडाची मुळे खोल आणि दाट आहेत याला फार महत्त्व आहे. पण मूळ पाहायचे तर झाड उपटावे लागते, आणि उपटलेल्या झाडाला घाटे धरत नाहीत. म्हणजे ज्याची परीक्षा घेतली त्याचे बी मिळत नाही, आणि ज्याचे बी मिळते त्याची परीक्षा झालेली नसते. आयसीसी ४९५८ या वाणाची मुळे जोमदार आहेत हे संशोधकांना माहीत होते. त्याच्या संकरांची जनुकीय माहिती आणि शेतातील मोजमापे शेजारी शेजारी ठेवल्यावर असे आढळले की, अवर्षण सोसण्याशी संबंधित अनेक गुण चौथ्या गुणसूत्राच्या एका छोट्या तुकड्याशी बांधलेले आहेत. मग रोप लहान असतानाच पानाचा तुकडा तपासून ‘यात तो तुकडा आला आहे की नाही’ एवढे विचारता येऊ लागले, आणि उपटण्याचे कारण उरले नाही. याच मार्गाने तो तुकडा पुसा ३७२ या वाणात आणून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा १०२१६ हा वाण तयार केला, आणि त्याची शिफारस मध्य भारतासाठी आहे. तेव्हा ‘एकही बियाणे नाही’ हे विधान टिकत नाही. ते बियाणे आपल्या गावापर्यंत पोचले का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. आपल्याकडे हरभरा म्हटला की अजूनही जाकी ९२१८ या जुन्या वाणाचेच नाव पुढे येते, आणि नव्या वाणाचे बियाणे वेळेवर व पुरेसे न मिळणे हे त्याचे एक कारण आहे. तो दोष बियाणे साखळीचा आहे, त्याचे खापर मी जीनोमवर फोडणार नाही.

बीटी कापसाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण येथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. भारतात २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कापसात एका जिवाणूचे जनुक बाहेरून घातलेले आहे. मी ज्याविषयी लिहितो त्यात बाहेरचे काही घालावेच लागते असे नाही; पिकात आधीपासून असलेल्या फरकांची ती नोंद आणि छाननी आहे. गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे थांबवले त्यामागे आश्रय पट्टा (कडेच्या बिगर-बीटी कापसाच्या ओळी) न लावणे, फरदड (वेचणीनंतरही न उपटलेले पीक) ठेवून अळीला जानेवारी-फेब्रुवारीनंतरही खाद्य पुरवणे आणि दीर्घ मुदतीच्या संकरित वाणांवर भर देणे अशी कारणे आहेत. उलट, अळी कशी बदलली हे जनुकीय विश्लेषणानेच कळले. भारतातल्या बीटी न जुमानणाऱ्या अळ्यांच्या आतड्यात, ज्या प्रथिनाला पहिल्या बीटीचे विष चिकटते त्याच्या जनुकात, एकच बिघाड नव्हता. वेगवेगळे अनेक बिघाड सापडले. कापसाच्या स्वतःच्या जीनोमचे काम हळू चालले याचेही कारण आहे. अमेरिकन कापसात दोन पूर्वजांचे जीनोम एकत्र नांदतात, ५२ गुणसूत्रे आणि सुमारे अडीचशे कोटी अक्षरे, त्यामुळे बहुतेक जनुके जुळ्या भावंडांसारखी दोनदा भेटतात आणि यंत्राने एका वेळी वाचलेला दीडशे अक्षरांचा तुकडा दोघांपैकी कोणाचा हे ठरवताना संगणकही चकतो.

आपण संगणकावर घेतलेल्या आक्षेपापेक्षा मोठा आक्षेप माझ्याकडे आहे, आणि तो स्वानुभवाचा आहे. काही वर्षांपूर्वी तुरीच्या एका चाचणीची माहिती माझ्याकडे विश्लेषणासाठी आली. पद्धत अशी असते की, काही शे वाणांची जनुकीय माहिती आणि शेतातील नोंदी यांवरून एक सूत्र बसवायचे, आणि मग ज्यांची फक्त जनुकीय माहिती आहे अशा रोपांचे उत्पादन त्या सूत्राने अंदाजायचे. म्यूविसेन, हेस आणि गॉडार्ड या संशोधकांनी २००१ मध्ये मांडलेली ही कल्पना आज पशुपैदाशीत सर्रास वापरली जाते. माझे सूत्र मात्र काहीच सांगेना. दोन आठवडे मी सूत्रेच बदलत बसलो. शेवटी सहज म्हणून, तुलनेसाठी त्याच शेतात मुद्दाम अनेक जागी पेरलेल्या एकाच वाणाच्या फुलोऱ्याच्या तारखा काढल्या, तर त्यांत तीन आठवड्यांचा फरक! नोंदी घेणाऱ्या गृहस्थांना फोन केला. वाफ्यांचे क्रमांक प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडेच असतील असे मी गृहीत धरले होते, हे ऐकून ते म्हणाले, “साहेब, तिफण परत येताना रिकामी आणतात का?” क्रमांक नागमोडी होते. पहिली ओळ जाताना, दुसरी येताना. माझ्या फाइलीत प्रत्येक दुसरी ओळ उलटी बसली होती, म्हणजे जवळजवळ निम्म्या वाणांच्या नावावर दुसऱ्याचेच उत्पादन जमा होते. चूक त्यांची नव्हती, शेतात न जाता शेताची माहिती हाताळणाऱ्या माझी होती. जीनोम वाचणे आता स्वस्त झाले आहे. महाग आणि दुर्मीळ आहे ती शेतातली भरवशाची नोंद, आणि या क्षेत्रातला बहुतेक पैसा यंत्रांकडे जातो, नोंदी घेणाऱ्या माणसांकडे जात नाही, हे माझे आपल्याइतकेच कडवट मत आहे.

माहितीच्या मालकीचा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. शेतकऱ्याच्या वाणाला २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने हक्क दिले, पण जीनोमची अक्षरे एकदा सार्वजनिक संग्रहात गेली की ती जगात कोठेही, बियाण्याचा एक दाणाही न हलवता, वापरता येतात. अशा वापरातून मिळणारा लाभ वाटून घेण्याची बहुपक्षीय व्यवस्था करण्याचे जैवविविधता करारातील देशांनी २०२२ मध्ये मान्य केले आणि त्यासाठीचा निधी २०२५ मध्ये सुरू झाला. त्यात कंपन्यांचे योगदान ऐच्छिक आहे, यावरून काय ते समजावे. भारतीय माहिती भारतात राहावी म्हणून फरीदाबादला जैविक माहिती केंद्र झाले आहे. तो आरंभ म्हणता येईल, शेतकऱ्याचे संरक्षण म्हणता येणार नाही.

आता आपले झाड. संत्र्याचे बी सोलून पाहिले तर एकाच बियात दोन-तीन हिरवे भ्रूण दिसतात. त्यांतले बहुतेक परागीभवनातून आलेले नसतात; ते मातृवृक्षाच्या पेशींपासून बनलेले, म्हणजे आईची नक्कल असतात. हे ज्या जनुकामुळे घडते त्याच्या शेजारी घुसलेला डीएनएचा एक छोटा तुकडा चिनी संशोधकांनी २०१७ मध्ये, अनेक लिंबूवर्गीय झाडांचे जीनोम ताडून, शोधला. पैदासकाराची यामुळे पंचाईत होते, कारण संकर केलेल्या बियातून उगवलेल्या रोपांत खरा संकर कोणता हे नुसते पाहून बहुधा कळत नाही, आणि फळ येईपर्यंत वाट पाहायची तर पाच-सहा वर्षे जातात. पानाच्या एका चकतीवरून ते काही दिवसांत कळते. नुसत्या नकला सांभाळण्यात जाणारी जागा आणि वर्षे वाचतात.

संत्र्याचा डोळा ज्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या झाडावर, भरतात त्या जंबेरीच्या बियांचेही तसेच आहे. रोपवाटिकेतले खुंट बहुतांशी एकसारखे निघतात ते याच कारणाने, पण थोडे अपवाद असतात. आपले उभे राहिलेले झाड अशा अपवादात्मक खुंटावर असू शकते, किंवा ते केवळ निचऱ्याच्या उंच जागेवर असू शकते. दुसरी शक्यता आधी तपासा. त्या झाडाच्या बुंध्याशी आणि मेलेल्या झाडांच्या जागी पावसाळ्यात पाणी किती वेळ थांबते हे या वर्षी लिहून ठेवा, आणि त्याची बुंध्याजवळची साल व मुळ्या खरोखर निरोगी आहेत का ते पाहा.

जागेचा फरक आढळला नाही तर नमुना घेण्यात अर्थ आहे, पण वरच्या फांदीचे पान पाठवू नका. ते फक्त नागपुरी संत्र्याचे असेल, आणि ते तर मेलेल्या झाडांवरही होते. डिंक्याशी झुंज खुंटाने दिली आहे. डोळा भरलेल्या जागेच्या खालून फुटवा आला तर एरवी आपण तो लगेच छाटता, या वेळी तो राहू द्या. त्याची चार पाने वर्तमानपत्रात गुंडाळून सुकवा, झाड बागेत कोठे आहे त्याचा साधा नकाशा हाताने काढा, आणि ओळ कोणत्या टोकाकडून मोजली तेही त्यावर लिहा.