मोरियासू निव्वळ नशीबवान? एका प्रतिक्रियेला उत्तर

२०२२च्या विश्वचषकात जपानच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक असलेल्या हाजिमे मोरियासूंवरच्या लेखाखाली एका वाचकांनी सविस्तर टीका केली आहे. त्यांचे आक्षेप तीन. त्यांच्या हाताखाली सान्फ्रेचे हिरोशिमा या क्लबने मिळवलेली जपानी लीगची तीन विजेतेपदं म्हणजे आधीचे प्रशिक्षक मिहाइलो पेत्रोविच यांनी उभारलेला संघ आयता हाती आल्याचं फळ. २०२२च्या विश्वचषकातले जर्मनी आणि स्पेनवरचे विजय म्हणजे बदली खेळाडूंचा लागलेला जुगार. आणि राष्ट्रीय संघाकडून ३५ सामन्यांत एकच गोल करणाऱ्या माणसाच्या खेळण्याच्या दिवसांवर इतकं लिहिण्यासारखं काही नाही. टीका अभ्यासपूर्ण आहे, म्हणून उत्तरही तपशिलात देतो.

पहिल्या आक्षेपातला अर्धा भाग खरा आहे. पेत्रोविच २००६ ते २०११ हिरोशिमात होते आणि ३-४-२-१ची (तीन बचावपटू, चार मधले, दोन त्यांच्या पुढे, एक आघाडीवर) रचना त्यांचीच. चेंडू आपल्याकडे असताना मधल्या फळीतला काझुयुकी मोरिसाकी खाली बचावात उतरायचा, बाजूचे दोन सेंटरबॅक (मधले बचावपटू) रुंद व्हायचे, विंगबॅक (कडेने वर-खाली धावणारे खेळाडू) थेट पुढच्या फळीत जायचे आणि समोर पाच जण उभे राहायचे. २०१२मध्ये मोरियासूंनी यातलं काही मोडलं नाही. त्यांनी हात घातला तो चेंडू गमावल्यानंतरच्या क्षणांना. पुढे गेलेल्या पाचांपैकी कोणी किती लवकर मागे यायचं आणि ५-४-१ची भिंत किती सेकंदांत उभी राहायची, इथे त्यांनी शिस्त आणली. २०११च्या लीगमध्ये हिरोशिमाने ४९ गोल खाल्ले आणि संघ सातवा आला. २०१२मध्ये ३४ गोल खाल्ले आणि विजेतेपद मिळालं, २०१३मध्ये २९ खाल्ले आणि ते टिकलं. २०१२मध्ये हिसातो सातोने २२ गोल केले, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर राहिल्या. लीग जिंकून दिली ती मात्र खाल्लेल्या गोलांच्या रकान्याने.

आणि ‘आयता संघ’ हे म्हणणं टिकत नाही, कारण तो संघ हिरोशिमात राहिलाच नाही. पेत्रोविच २०१२मध्ये उरावा रेड्सकडे गेले. तिथे काशिवागी आधीच होता, माकिनो जर्मनीहून त्याच वर्षी तिथे आला, २०१२नंतर मोरिवाकी गेला, २०१३नंतर गोलरक्षक निशिकावा, २०१४नंतर इशिहारा. तोच प्रशिक्षक, तीच रचना, हिरोशिमाचेच पाच खेळाडू आणि शिवाय जपानमधला सर्वात मोठ्या पाठिराख्यांचा क्लब. तरीही २०१२ ते २०१५ या चार वर्षांत हिरोशिमाने तीन लीग जिंकल्या आणि उरावाने एकही नाही. फरक कुठे होता हे शोधायला याहून चांगली तुलना फुटबॉलमध्ये क्वचितच मिळते.

आता जर्मनी. २३ नोव्हेंबर २०२२ला पहिल्या अर्धात जपान ४-२-३-१मध्ये होता आणि गोंधळलेला होता. जर्मनीचा मुसियाला आत सरकायचा, डावा बॅक राउम एकदम वर जायचा आणि उजव्या बाजूला साकाई आणि इतो या दोघांपैकी राउमला कोणी धरायचं हे ठरत नव्हतं. जपानचा गोलरक्षक गोंदाने राउमला पाडलं, गुंदोगानने ३३व्या मिनिटाला पेनल्टी मारली. मध्यंतराला मोरियासूंनी कुबोला काढून तोमियासूला आणलं आणि बचावात तीन सेंटरबॅक केले. त्यामुळे साकाई मोकळेपणाने राउमवर धावू शकला, कारण मागची जागा भरायला आता एक माणूस जास्त होता. ५७व्या मिनिटाला नागातोमोच्या जागी मितोमा आणि माएदाच्या जागी असानो. ७१व्याला तानाकाच्या जागी दोआन, ७५व्याच्या सुमारास साकाईच्या जागी मिनामिनो. मितोमाचा पास, मिनामिनोचा फटका, जर्मन गोलरक्षक नॉयरच्या हातून सुटलेला चेंडू आणि दोआनचा गोल. ८३व्या मिनिटाला इताकुराच्या लांब फ्रीकिकवर असानो श्लोटरबेकच्या पुढे निघाला आणि जवळच्या खांबालगत त्याने चेंडू आत मारला.

नशीब होतं का? होतं. साठाव्या मिनिटाच्या आसपास गुंदोगानचा फटका खांबाला लागला आणि नंतर गोंदाने लागोपाठ फटके अडवले. त्यातला एकही आत गेला असता तर आज ही चर्चा वेगळी असती. पण जुगार म्हणजे पत्ता आंधळेपणाने टाकणं, आणि इथे टाकलेला प्रत्येक पत्ता जुना होता. तीन सेंटरबॅकची रचना मोरियासूंनी हिरोशिमात साडेपाच वर्षं चालवली होती. असानोला शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवणंही तिथलंच. २०१५मध्ये सातो तासभर बचावफळीला दमवायचा आणि मग वीस-एकवीस वर्षांचा असानो त्या दमलेल्या पायांवर सोडला जायचा. असा बदली म्हणून येत त्याने त्या लीगमध्ये ८ गोल केले आणि सर्वोत्तम युवा खेळाडूचा पुरस्कार मिळवला. गांबा ओसाकाविरुद्ध लीगच्या विजेतेपदासाठीच्या अंतिम लढतीच्या दुसऱ्या सामन्यात बरोबरीचा गोल त्याचाच. पुढे ओमान आणि सौदीकडून हरून विश्वचषकाची पात्रता धोक्यात आली असताना, ऑक्टोबर २०२१मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत ज्या फटक्यावरून स्वयंगोल झाला तोही बदली आलेल्या असानोचा.

तिसरा आक्षेप मला सर्वात चुकीचा वाटतो. मोरियासू १९८७मध्ये माझदाच्या संघात आले, तेव्हा जपानमध्ये व्यावसायिक लीगही नव्हती. १९९२मध्ये हान्स ऊफ्ट राष्ट्रीय प्रशिक्षक झाले आणि त्यांनी मोरियासूंना बचावफळीच्या पुढे उभं केलं. मधल्या फळीतला रामोस चेंडू घेऊन वर गेला की त्याच्या मागे उघडी पडणारी जागा सांभाळायची, हे त्यांचं काम. अशा खेळाडूला गोलांच्या संख्येने मोजता येत नाही.

२८ ऑक्टोबर १९९३ला दोहामध्ये विश्वचषक पात्रतेच्या सामन्यात इराकविरुद्ध २-१ने पुढे असताना ते मैदानात होते. भरपाई वेळेत इराकने कॉर्नर थेट आत न मारता आखूड घेतला. बाजूने क्रॉस आला, हेडरने २-२ झालं आणि जपानचा पहिला विश्वचषक हुकला. जपानचा संपूर्ण संघ आत गोळा झाला होता आणि बाजूला क्रॉस रोखायला नीट कोणी पोहोचलं नव्हतं. आता २०२२चा स्पेनविरुद्धचा सामना बघा. पहिल्या अर्धात तिन्ही सेंटरबॅकना पिवळं कार्ड मिळालेलं, दुसऱ्या अर्धाच्या सुरुवातीला दोआन आणि तानाकाच्या गोलांनी २-१ झालेलं, चेंडूचा ताबा जेमतेम १८ टक्के. ६८व्या मिनिटाला स्पेनने डावीकडे आल्बा आणि फाती आणले. त्याच सुमारास मोरियासूंनी कामादाला काढून तोमियासूला उजव्या कडेला नेमलं. आघाडी टिकवायची तर माणूस गोलपुढे वाढवायचा की कडेला, याचं उत्तर त्यांनी कडेला दिलं.

त्यांची खरी दुर्बलता तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही, म्हणून ती मीच मांडतो. समोरचा संघ आपल्याच गोलपुढे खोल बसला की त्यांच्याकडे उपाय कमी पडतात. कोस्टा रिकाविरुद्ध पाच खेळाडू बदलून उतरलेला संघ एकही गोल करू शकला नाही आणि ८१व्या मिनिटाला फुलरच्या एका फटक्यावर हरला. क्रोएशियाविरुद्ध पेनल्टी कोण मारणार हे खेळाडूंच्या इच्छेवर सोडलं गेलं आणि चारपैकी तीन अडवल्या गेल्या. हे आधी ठरवून ठेवायचं काम होतं. आणि फेब्रुवारी २०२४मध्ये आशियाई चषकात इराणने दुसऱ्या अर्धात लांब चेंडूंचा मारा केला, इताकुरा उघडपणे झगडत होता, बाकावर तानिगुची आणि माचिदा होते, तरी बचावात बदल झाला नाही. भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर जपान १-२ने बाहेर गेला. मध्यंतराला पंधरा मिनिटं मिळतात तेव्हा हा प्रशिक्षक अचूक असतो, पण चालू खेळात, घड्याळ पळत असताना, तो उशीर करतो. ऑक्टोबर २०२५मध्ये टोकियोत ब्राझीलविरुद्ध ०-२वरून ३-२ झालं, तेही मध्यंतरानंतरच.

पटत नसेल तर दोन सामन्यांचे फक्त दुसरे अर्ध लागोपाठ बघा. आधी ५ डिसेंबर २०१५चा हिरोशिमा विरुद्ध गांबा, मग दोहातला जर्मनीविरुद्धचा. चेंडूकडे न बघता असानो मैदानात येतो तेव्हा विंगबॅक कुठे सरकतात एवढंच बघा, आणि मग ‘जुगार’ या शब्दावर तुमचं काय म्हणणं आहे ते जरूर लिहा.