अर्धा इंच माया म्हणे! दोन बोटांच्या मध्ये कुठून आणू?

हातमोजे शिवायच्या व्हिडिओत एक ताई सांगतात, "कागदावर हात ठेवा, पेन्सिलीने आखून घ्या, शिवणीसाठी कडेने अर्धा इंच माया सोडून कापा, शिवा, उलटवा. झाले हातमोजे तयार!" हे ज्या कुणाच्या डोक्यातून निघालं, त्याला तेच मोजे घालून एप्रिलमधल्या भर दुपारी स्कूटीवरून स्वारगेट ते कात्रज पाठवा. प्रत्येक सिग्नलला थांबवून विचारा, कसं वाटतंय?

अर्धा इंच माया कुठे सोडू? आखलेल्या चित्रात तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना खेटून उभी आहेत. मध्ये सूतभर जागा नाही. मग व्हिडिओतल्या ताई हसत हसत सांगतात, "बोटं छान फाकवून आखा." फाकवली. असा मोजा फक्त चौकात हात वर करून गाड्या थांबवणाऱ्या हवालदाराला उपयोगी. हँडलची मूठ पकडायला बोटं जवळ आणली की सगळं कापड बेचक्यात गोळा होतं आणि तासाभरात तिथे लाल वळ उठतो.

आणि अहो, बोटाला जाडी असते! हात म्हणजे काय लाटून ठेवलेली पोळी आहे? माझ्या मधल्या बोटाचा घेर सहा सेंटिमीटर. कागदावर त्याची रुंदी येते जेमतेम दोन. पुढचं कापड दोन, मागचं दोन, झाले चार. उरलेलं बोट काय पर्समध्ये ठेवू? व्हिडिओत बसतं, कारण तिथे चारी बाजूंनी ताणणारं लायक्रा असतं. त्यात काहीही बसेल. पण पुण्याच्या उन्हात लायक्रात हात शिजवून घ्यायचा नाही म्हणून तर सुती शिवायचा हा उपद्व्याप चाललाय ना! ते सुती कापड ढिम्म ताणत नाही. त्याबद्दल ताई चकार शब्द काढत नाहीत.

विकतचे घ्या म्हणाल, तर घेऊन बघा. "ताई, फ्री साइज आहे, सगळ्यांना बसतं." कुणाला बसतं? बोटांची टोकं अर्धा इंच पुढे लोंबतात आणि ब्रेक दाबताना लिव्हरमध्ये अडकतात. अंगठा तळव्याच्या पार बाजूला काढलेला, जणू आपल्याला तो कधी वळवायचाच नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला झाव्हिए जूव्हँ नावाच्या माणसाने 1834 च्या सुमारास लोकांचे हात मोजून 320 मापं ठरवली होती. तीनशे वीस! आणि जवळजवळ दोनशे वर्षांनी आमच्या नशिबी एकच, फ्री.

नीट शिवायची रीत आहे, नाही असं नाही. दोन बोटांच्या मध्ये अरुंद पट्ट्या घालायच्या, बोटाची जाडी त्यातून मिळते. चार बोटांच्या तीन फटी, दर फटीला दोन पट्ट्या, म्हणजे एका हाताला सहा आणि जोडीला बारा. अंगठा वेगळा कापून तळव्याच्या भोकात बसवायचा. त्याच्या बुडाशी सदऱ्याच्या काखेत असतो तसला छोटा चौकोनी तुकडा हवा, नाहीतर अंगठा ताणला की शिवण उसवलीच. माया अर्धा इंच नाही, तीन-चार मिलिमीटर! बेचक्यात कात्री मारायची ती टिपेच्या एक धागा अलीकडे थांबवायची. आधी थांबलात तर चुणी, पुढे गेलात तर भोक. सुती कापड उरेब, म्हणजे तिरकं, कापलं तर मुठीबरोबर थोडं वळतं, पण उरेब कापायला कापड जास्त लागतं. आणि मॅचिंग सेंटरमध्ये एवढ्याशा कामासाठी पाव मीटर मागितलं की समोरचा असा बघतो, जणू उधार मागितलंय.

मशीन तर जन्माचं वैरी. पट्टीपेक्षा मशीनचा कापड दाबणारा पाय रुंद. बोटाच्या टोकाशी वळण घ्यायला जावं तर खालचे दात कापड गिळतात, सुई खाली उतरते त्या भोकात चिंधी अडकते आणि बॉबिनपाशी दोऱ्याचा गुंता. खाली पातळ कागद ठेवून टीप मारली की जरा ऐकतं, मग तो कागद चिमट्याने उपटत बसा. बेचकी शेवटी हातानेच शिवावी लागतात, चष्मा लावून, दिव्याखाली. "पाच मिनिटांत हातमोजे" म्हणे! पाच मिनिटांत सुईत दोरा ओवून होतो.

शिंप्याकडे द्यावं तर तो नमुना उलटसुलट करून परत हातात ठेवतो. "ते आपल्याकडे होत नाही मॅडम. ब्लाउज असला तर सांगा." ब्लाउजला कटोरी बसवणारा माणूस, सपाट कापडातून गोलाई काढण्यात ज्याची हयात गेली, तो बोटापुढे हात टेकतो!

बरं, हे सगळं निस्तरून एक जोडी कशीबशी हातात चढली की लिफ्टमध्ये शेजारच्या काकू हटकून भेटणार. "अगं, किती छान! मला पण दे की एक शिवून. तुला काय, मशीन घरातच आहे." माप घ्यावं लागेल म्हटलं तर म्हणतात, "माप कशाला? तुझ्याच मापाचे शिव, हात काय सगळ्यांचे सारखेच."

काकूंची करंगळी माझ्या मधल्या बोटाएवढी आहे.