'ने' म्हणजे मधलं नाव नव्हे
इंग्रजीत लग्न झालेल्या बाईच्या नावानंतर 'ने' (née) लिहून माहेरचं आडनाव देतात, त्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात 'ने' या फ्रेंच शब्दाचा अर्थ नुसता 'माहेरचं आडनाव' असा दिलाय तो अर्धाच आहे. मूळ अर्थ 'जन्मलेली', रेनेसाँस म्हणजे पुनर्जन्म, त्यातलाच हा धातू. बाईसाठी लिहिताना शेवटी एक ई जास्त, पुरुषासाठी एकच, उच्चार मात्र दोन्हीचा सारखाच. आपल्याकडे याला 'पूर्वाश्रमीची' हा किती सुंदर शब्द आहे!

इंग्रजीत जुना नियम असा की 'ने' नंतर फक्त आडनाव लिहायचं, कारण जन्मतः मिळतं ते आडनाव, नाव नंतर ठेवतात, आपलं बारसं बाराव्या दिवशी असतं तसंच. पण आमच्या नौपाड्यातल्या मावशीचं लग्नात तांदळात अंगठीने नाव लिहून पहिलं नावही बदललं, मग तिथे 'ने' नंतर पूर्ण नाव नको का लिहायला? तिने एका फॉर्मवर तसंच लिहिलं तर काउंटरवरच्या मुलाने née हे 'नी' असं वाचून मधलं नाव समजून टाइप केलं आणि ते दुरुस्त करायला तिला अ‍ॅफिडेव्हिट करावं लागलं, पासष्टाव्या वर्षी ठाणे कोर्टाबाहेर उन्हात उभं राहून. फार वाईट वाटलं मला. म्हणून फॉर्मवर सरळ 'लग्नापूर्वीचं नाव' असाच रकाना हवा.