जिप्सीच्या फ्लायव्हीलबद्दल वर्कशॉपच्या मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या जिप्सीचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागे फिरणारं जड चाक, आम्ही लेथवर कातून हलकं केलं. त्यावरची तुमची ऑनलाइन प्रतिक्रिया वाचली. चढावर गाडी बंद पडली, ग्रुपसमोर दोरी लावून ओढून काढावी लागली, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. फोन उचलला गेला नाही, त्याबद्दलही. लेथ चालू असली की फोन ऐकूच येत नाही.

उशीर झाला, पैसे जास्त घेतले, हे तुम्ही लिहिलंत. त्यावर खाली दोन ओळी आहेत. पण 'फ्लायव्हील अंदाजपंचे कातलं, हायवेवर काडीचा फरक नाही आणि चढावर इंजिन बंद पडतं' हे जे लिहिलंत, ते झोंबलं. उद्यमनगरात वडिलांच्या काळापासून आमची लेथ आहे. कोल्हापुरात टर्नरला 'अंदाजे कातलं' म्हणणं म्हणजे काय, ते तुम्हालाही माहीत आहे. ते वाचून नवीन गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लीत वळतं.

तुम्ही फ्लायव्हील पोत्यात घालून मोटरसायकलवरून आणलंत. पहिलंच वाक्य होतं, 'चार किलो काढा, ऑटोक्रॉसवाले (छोट्या ट्रॅकवर वेगाची शर्यत लावणारे) काढतात.' मी विचारलं, गाडी कुठे चालवता? तुम्ही म्हणालात, चिखलात, चढावर, पावसाळ्यात. मग मी सांगितलं की दीड किलोच्या पुढे जाऊ नका. बरीच घासाघीस होऊन अडीचवर मिटलं. जॉब कार्डावर 'अडीच किलो, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून' असं लिहिलंय, खाली तुमची सही आहे. कार्डाचा फोटो इथे टाकत नाही, कारण त्यावर तुमचा नंबर आहे.

चार किलोला मी नाही म्हटलं ते हट्टाने नव्हे. हे फ्लायव्हील बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं आहे. बीड दाबाला टिकतं, ताणाला कच्चं. आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, दुप्पट झाला की आतला ताण चौपट होतो, आणि जिप्सीचं इंजिन 6000 पर्यंत जातं. क्लचच्या फेसमागची (क्लच जिथे टेकतो त्या बाजूमागची) जाडी खाल्ली आणि ते फुटलं, तर तुकडे बेल हाऊसिंग (त्यावरचं कवच) फोडून तुमच्या पायाशी येतात. ते पाप मला नको.

आता 'अंदाजपंचे'चं. जॉब फोर-जॉ चकमध्ये (लेथच्या चार जबड्यांच्या पकडीत) धरला, डायल (बारीक फरक दाखवणारं मापक) लावून सेंटर केला. कट फक्त इंजिनाकडच्या बाजूने आणि कडेला घेतला. रिंग गिअरची (स्टार्टरच्या दात्यांच्या कड्याची) बैठक, डॉवेलची (जागा पक्की करणाऱ्या पिनांची) भोकं, क्रँकच्या बोल्टांभोवतीचा भाग, यांना हात लावला नाही. कोपरा तीक्ष्ण ठेवला तर तिथूनच चीर जाते, म्हणून गोलाई दिली. वजन आधी, मध्ये आणि शेवटी काट्यावर घेतलं. यात अंदाज कुठे आला, ते सांगा.

हायवेवर फरक नाही आणि चढावर बंद पडते, या तुम्ही दोन तक्रारी केल्यात. साहेब, दोन्हीचं मूळ एकच आहे. हलक्या फ्लायव्हीलने इंजिनाची ताकद वाढत नाही. आरपीएम लवकर चढतो आणि तितक्याच लवकर उतरतो, एवढंच. त्याचा परिणाम गाडीला जाणवतो तो गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या हिशोबात (गुणोत्तर दुप्पट, तर परिणाम चौपट). म्हणजे पहिल्या गिअरमध्ये, त्यातही फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सर्वांत हळू गिअर) टाकल्यावर, भरपूर. टॉप गिअरमध्ये नावाला. त्यात वजन कडेचं गेलंय. केंद्रापासून दुप्पट अंतरावरचा एक किलो आतल्या चार किलोंचं काम करतो. त्यामुळे अडीच किलो ऐकायला थोडं वाटतं, पण थोडं नाही.

आणि तुमची गाडी 1298 सीसीची, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली). तिचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) जास्तीत जास्त 103 न्यूटन मीटर, तोही 4500 आरपीएमला. दगडावर चाक चढवताना तुम्ही असता हजाराच्या आसपास. तिथे टॉर्क कमीच असतो, गाडी पुढे रेटतं ते फ्लायव्हीलमध्ये साठलेलं फिरतं वजन. गुऱ्हाळावरचं जुनं तेलाचं इंजिन आठवा, एवढी मोठी चाकं त्याला शोभेसाठी नव्हती. ते वजन तुम्ही काढायला सांगितलंत, मी काढलं. ऑटोक्रॉसवाला आरपीएम खाली येऊच देत नाही, म्हणून त्याला चालतं.

उशीर का झाला? क्लचच्या फेसवर निळे डाग होते. क्लच अर्धा दाबून गाडी रेटली की फेस तापतो, डागाच्या जागी बीड कडक होतं, लेथचं टूल त्यावरून घसरतं. ते ग्राइंडरवर घ्यावं लागलं, आणि ग्राइंडर माझा नाही, ओळीत थांबावं लागतं. तुम्ही गाडी कशी चालवता यावर मी बोलणार नाही, पण डाग माझ्याकडे पडलेले नाहीत.

पैशांत बॅलन्सिंग बाहेरून करून घेतलं त्याचे धरले होते, बिल जोडलं होतं. प्रेशर प्लेट (क्लच दाबून धरणारी, फ्लायव्हीलला जोडलेली तबकडी) आणा, दोन्ही एकत्र बॅलन्स करू, असं दोनदा सांगितलं. तुम्ही 'तसंच द्या' म्हणालात. आता थरथर जाणवत असेल तर आधी तीच बघा. कातलेला भुगाही आम्ही ठेवून घेतला, असं लिहिलंत! न्या साहेब, वेगळा काढून ठेवतो. भंगारवाला त्याचे किती देतो ते स्वतःच बघा.

यापुढे फ्लायव्हीलच्या जॉबला काय होईल, काय होणार नाही, हे कार्डावर आधीच लिहून देऊ. फोनसाठीही काहीतरी सोय बघतो आहोत.

कातलेलं बीड परत चिकटत नाही, पण एक करता येईल. जुन्या बाजारातून जिप्सीचं मूळ वजनाचं फ्लायव्हील आणा. फेसिंग मी मजुरी न घेता करून देईन. ग्राइंडर लागला आणि बॅलन्सिंग केलं तर तेवढे बाहेरचे पैसे द्यावे लागतील. हलकं केलेलं जपून ठेवा, कधी ऑटोक्रॉसला उतरलात तर ते लागेल. तारे तुम्हाला पटतील तेवढे द्या, फक्त 'अंदाजपंचे' हा एक शब्द काढता आला तर बघा, ही विनंती.

सोमवारी आमची सुट्टी असते. मंगळवारनंतर कधीही या, आणि या वेळी प्रेशर प्लेट घेऊन या.