यरीहोची पडलेली भिंत नेमकी कोणत्या काळातली?

"यहोशवाच्या सैन्याने एका झपाट्यात कनान जिंकला. यरीहोच्या पडलेल्या भिंती उत्खननात सापडल्या, म्हणजे ते सिद्धच झालं." हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. बायबलमधल्या गोष्टीत यहोशवा हा इस्राएली लोकांचा पुढारी, कनान म्हणजे साधारण आजचा इस्राएल-पॅलेस्टाईनचा प्रदेश, आणि यरीहो, आय, हासोर, लाखीश ही त्याने तिथे जिंकलेली शहरं. भिंती सापडल्या, हे खरं आहे. बाकीचं टिकत नाही.

यरीहोत जॉन गार्स्टांग यांनी 1930 ते 1936 खोदकाम केलं आणि पडलेली दुहेरी भिंत इ.स.पू. 1400 च्या सुमाराची, म्हणजे यहोशवाची ठरवली. मजकुराचा सगळा भार याच निष्कर्षावर आहे. 1952 ते 1958 मध्ये कॅथलीन केनियन यांनी टेकडीत खोल चर खणून त्यांच्या उभ्या कडेत थर वाचले. भिंतीजवळ सापडलेल्या खापरांवरून तिचं वय ठरत नाही. पायाखाली कोणता थर आहे आणि भिंतीला येऊन टेकलेला थर कोणता, हे बघावं लागतं. उतारावर धूप होते, माती घसरते आणि जुन्या भिंतीला नवी खापरं सहज येऊन चिकटतात. असे थर लावल्यावर गार्स्टांग यांची भिंत हजारेक वर्षं आधीची निघाली. त्यानंतरचं तटबंदीचं शहर जळालं ते इ.स.पू. 1550 च्या सुमारास; तिथल्या जळक्या धान्याच्या कार्बन-14 चाचण्याही सोळावं शतकच सांगतात. यहोशवाचं म्हणून सहसा तेरावं शतक धरतात, पण तेव्हाची तटबंदी केनियन यांना मिळालीच नाही. "ती धुपेत वाहून गेली" असा बचाव होतो. वाहून गेली असेल, तर मग "सापडली" म्हणून काय मिरवताय?

यरीहोनंतरचं शहर आय म्हणजे आजची एत-तेल ही टेकडी, असं बहुतेक अभ्यासक धरतात. ते ठिकाण यहोशवाच्या मानलेल्या काळाआधी हजारेक वर्षं ओसाड होतं.

हासोर मात्र तेराव्या शतकात खरंच जळालं. मूर्तींची डोकी आणि हात तोडलेले सापडले. जाळलं कोणी, यावर वाद आहे. पण लाखीशच्या राखेखाली इजिप्तचा राजा तिसरा रामसेस याच्या नावाचा कांस्य तुकडा मिळाला, म्हणजे ते शहर बाराव्या शतकात पडलं. दोघांत काही पिढ्यांचं अंतर आहे; एका मोहिमेत ही दोन्ही शहरं बसवायची कशी? शिवाय बायबलमधल्याच शास्ते या ग्रंथाचा पहिलाच अध्याय बेथ-शान, मगिद्दो, गेजेर या शहरांतल्या कनानी लोकांना हुसकावता आलं नाही असं सांगतो. बेथ-शानला तर बाराव्या शतकातही इजिप्तची शिबंदी होती.

"इस्राएल नावाचं कोणी नव्हतंच" हे दुसरं टोकही चूक आहे. इ.स.पू. 1208 च्या सुमाराच्या इजिप्तचा राजा मर्नेप्ताह याच्या शिलालेखात ते नाव आहे आणि त्याला जोडलेलं चिन्ह देशाचं नसून लोकसमूहाचं आहे.

मग वसाहत झाली कशी? इ.स.पू. 1200 नंतर मधल्या डोंगराळ भागात तटबंदी नसलेली शेकडो लहान खेडी उभी राहिली. आधी तिथे वस्ती अगदी विरळ होती. या खेड्यांतल्या भांड्यांचे घाट बरेचसे जुन्या कनानी भांड्यांसारखेच आहेत. त्यामुळे बहुतेक लोक तिथलेच असावेत, काही बाहेरून येऊन मिसळले असतील. इस्राएली धर्मात डुक्कर निषिद्ध आणि इथे डुकराची हाडं जवळजवळ मिळत नाहीत, पण एवढ्यावरून खेडं इस्राएली ठरवू नका: काठाला गळपट्टी असलेले तिथले मोठे रांजण यार्देन (जॉर्डन) नदीच्या पूर्वेलाही सापडतात आणि डुकराविना राहणारे शेजारीही होते.