टेकडीवरचा ट्रेल वाफशावर कधी येतो?

जून लागला की पुण्याच्या टेकड्यांवरच्या कच्च्या वाटांवर (म्हणजे ट्रेलवर) सायकल चालवणाऱ्यांच्या ग्रुपवर रोज एकच प्रश्न पडतो, "ट्रेल सुकलाय का?" मग कोणीतरी स्वतःच्या गच्चीतून आभाळ बघून उत्तर देतं, "काल दुपारपासून पाऊस नाही, या बिनधास्त." माझं म्हणणं असं, की पाऊस थांबून किती तास झाले यावरून ट्रेल वाफशावर आलाय का, म्हणजे जास्तीची ओल उतरून माती वापरण्याजोगी झाली आहे का, हे फारसं कळत नाही. वेताळ टेकडीच्या एकाच फेरीत तासाभरात चालवण्याजोगा होणारा तुकडा लागतो आणि दसऱ्यापर्यंत हात लावू नये असाही.

उतारावरून वाहून गेलं ते पाणी गेलं. मातीत शिरलेल्या पाण्याला मात्र दोनच वाटा असतात, एक तर खाली झिरपायचं, नाहीतर वाफ होऊन वर जायचं. कुठल्या तुकड्यावर यातली कोणती वाट उघडी आहे, एवढं बघायचं.

आपल्या टेकड्या बेसॉल्टच्या. तो झिजून कुठे मुरूम झालाय, कुठे काळी माती. मुरमाचे खडे मोठे, मधे पोकळी भरपूर, त्यामुळे पाणी सरळ खाली जातं. जोरदार सरीनंतर थोड्याच वेळात मुरमाच्या धारेवर टायरचा ठसासुद्धा नीट उमटत नाही. खरं तर ओलसर मुरमासारखी पकड वर्षभरात दुसरी मिळत नाही. मार्चमध्ये तोच मुरूम सुटा होतो आणि वळणावर पुढचं चाक काढून घेतो. म्हणून "पावसाळ्यात सायकल टेकडीवर नेऊच नये" हा सरसकट फतवा मला मान्य नाही.

काळ्या मातीचं सगळंच वेगळं. तिच्यातल्या चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहून बारीक, त्यात पाणी पिऊन फुगणारं खनिज. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पहिल्या दमदार पावसांत मिटतात आणि मग पाणी खाली जाणं जवळपास थांबतं. उरते ती वाफ. तिला ऊन हवं, वारा हवा, कोरडी हवा हवी. जुलैत वारा असतो, पण तो दमट, आणि ऊन नावापुरतं. दोन दिवसांच्या उघडिपीत वर खपली धरते, लोक फसतात. चाक घातलं की आत लगदाच. तो टायर आणि फ्रेमच्या मधे बसतो, चाक फिरेनासं होतं, आणि तरीही जोर लावून पेडल मारणाऱ्या वीराचा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारी पट्टी) वाकतो.

सायकलचं काय, पैसे टाकले की दुरुस्त होते. मागे चाकोरी राहते. पुढच्या सरीचं पाणी नेमकं तिच्यातून धावतं, तिला खोल करतं. मग मागून येणारे कडेच्या गवतातून जातात, तिथेही चिखल होतो, मग आणखी बाहेरून. हातभर रुंदीच्या पायवाटेचा दोन-तीन पावसाळ्यांत बैलगाडीचा रस्ता होतो. डबकं लागलं तर मधून जा किंवा उतरून सायकल उचला, पण वळसा घालू नका. बूट खराब होतील, होऊ द्या.

आता सावली. टेकड्यांवर वनखात्याने लावलेलं ग्लिरिसिडियाचं, म्हणजे गिरिपुष्पाचं रान पावसाळ्यात इतकं दाट होतं की पाऊस थांबल्यावरही खाली बराच वेळ ठिबकत राहतं. ऊन जमिनीला लागत नाही, वारा आत शिरत नाही, गळलेली पानं भराभर कुजून ओल धरून ठेवतात. इथला मुरूमही मग उघड्यावरच्या मुरमासारखा वागत नाही आणि दगडांवर शेवाळ येतं ते वेगळंच. पानं झडून या पट्ट्यात ऊन येतं ते थंडी सरताना, तेव्हा त्याची कोणाला गरज नसते. (गिरिपुष्पाशी माझी इतरही भांडणं आहेत, ती पुन्हा कधीतरी.)

बाहेरचे व्हिडिओ बघून काही जण ठामपणे सांगतात की दक्षिण उतार आधी सुकतो. कॅनडात किंवा स्कॉटलंडमध्ये ते बरोबर आहे. पुणे १८.५ अंशांवर. २१ जूनला भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावरून जवळपास ५ अंश उत्तरेलाच असतो, जुलैअखेर अगदी माथ्यावर. ऐन पावसाळ्यात उत्तर-दक्षिण बघण्यात अर्थ नाही, झाडी आणि वारा बघा. हा फरक ऑक्टोबरनंतर जाणवायला लागतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४८ अंशांवरच थांबतो, तेव्हा उत्तरेच्या कुशीतली वाट दवानेही उशिरापर्यंत ओली असते.

चढ-उताराचं लोकांना वाटतं तसं नाही. सपाटी सोपी दिसते, पण पाणी साचतं तिथेच. आणि थेट उताराच्या दिशेने काढलेली वाट म्हणजे आयता ओढा. ट्रेल बांधणारे एक साधा ठोकताळा पाळतात: वाटेचा चढ त्या जागी डोंगराला जेवढा उतार आहे त्याच्या निम्म्याहून जास्त नको, म्हणजे पाणी वाट ओलांडून खाली जातं. आपले बहुतेक ट्रेल जुन्या पायवाटा आहेत, जवळच्या रस्त्याने सरळ वर चढणाऱ्या, त्यामुळे हे गणित तिथे बसत नाही. शिवाय सच्छिद्र थरातून झिरपलेलं पाणी खालच्या घट्ट कातळावर अडतं आणि उताराच्या पोटातून बाहेर येतं. अशी पाझराची जागा पाऊस गेल्यावरही कित्येक दिवस ओली राहते. ती ठरलेली असते, एकदा लक्षात ठेवली की झालं.

शेतकरी वाफसा आल्याशिवाय रानात पेरणीची पाभर घालत नाही, आणि त्यासाठी तो फोनवरचं हवामान बघत नाही. मूठभर माती दाबून गोळा करतो, कमरेएवढ्या उंचीवरून टाकतो. फुटला तर वाफसा, चपटा झाला तर थांबायचं. हे फेरीतल्या सगळ्यात ओल्या तुकड्यावर करा, पार्किंगजवळ नको. तिथे गोळा चपटा झाला तर त्या दिवशी मुरमाच्या धारेवरूनच जाऊन परत या.

टेकडीवर फिरायला येणारे आजोबा-आजी आपल्यावर ओरडतात की तुम्ही वाटांची वाट लावता. मुरमावर ते चूक आहेत, काळ्या मातीवर शंभर टक्के बरोबर.

दोन-तीन ठिकाणी कडेचा मातीचा उंबरा फोडून पाणी बाहेर काढलं तरी बराच फरक पडेल. जागा वनखात्याची आहे, तेव्हा आधी परवानगीचा अर्ज, मग काम. अर्ज मी लिहितो. फावडी आहेत, टिकाव कोणाकडे असेल तर कमेंटमध्ये कळवा.